एकाच खाटेवरचा हात

२०२० च्या मार्च महिन्यात मी एक कागद लिहिला. मुलांच्या एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम तेव्हा माझ्याकडे होतं आणि नोकरीची पस्तीस वर्षं भरत आली होती. कागदावर अकरा कलमं होती. एक टक्का हायपोक्लोराइटने फरशी किती वेळा पुसायची, पीपीई किट कुठे चढवायचं, कुठे उतरवायचं, वापरलेले मास्क कुठल्या पिशवीत टाकायचे. चौथं कलम नातेवाइकांचं होतं. ज्यांचा कोविडचा स्वॅब निगेटिव्ह आहे, त्यांना पॉझिटिव्ह वॉर्डात प्रवेश नाही. लिहिताना त्यात मला काही वावगं दिसलं नाही. निरोगी माणसाला आजारापासून लांब ठेवायचं, इतका साधा हिशोब होता.

पंधरवड्यातच जेमतेम अडीच वर्षांची एक मुलगी आली. तिचा स्वॅब पॉझिटिव्ह, आईचा निगेटिव्ह. आई दारापाशी थांबली आणि मुलगी पांढऱ्या कपड्यातल्या, तोंड नसलेल्या माणसांबरोबर आत गेली. पहिली रात्र ती रडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रडली. संध्याकाळी ड्युटी बदलताना स्टाफने मला सांगितलं, "सिस्टर, सात नंबर आता शांत आहे."

मुलांच्या वॉर्डात 'शांत' हा शब्द आम्ही कौतुकाने वापरतो. त्या संध्याकाळी तो ऐकून मला बरं वाटलं नाही. निवृत्तीनंतर मी जे वाचत बसले, ते त्या एका शब्दापायी.

लहान मुलांच्या रुग्णालयांचा इतिहास फार जुना नाही. पॅरिसचं 'ओपिताल दे झांफां मालाद' १८०२ मध्ये सुरू झालं, तर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरचं, डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी उभारलेलं रुग्णालय १८५२ मध्ये, अवघ्या दहा खाटांवर. मुलं एकत्र आली की त्यांचे आजारही एकत्र येतात, हे या संस्थांना लवकरच कळलं. पाय मोडला म्हणून आलेलं मूल गोवराने जायचं, गोवराचं म्हणून आलेलं घटसर्पाने. मीही नवी असताना गोवराची एक केस चुकून जनरल वॉर्डात गेलेली पाहिली आहे. पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी प्रत्येक मुलाच्या कानामागे पुरळ शोधत होतो. त्यामुळे नातेवाइकांना दारं बंद करणाऱ्या जुन्या मेट्रनना दुष्ट ठरवायला माझं मन धजत नाही. त्यांच्याकडे लशी नव्हत्या, प्रतिजैविकं नव्हती. हातात होतं ते फक्त दार.

पण दाराआड नेमकं काय घडतं, याचा शोध घेणारा एक माणूस पॅरिसच्या त्याच रुग्णालयात होता. डॉ. ग्रांशे. जुलै १८८५ मध्ये पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस द्यायचं ठरवलं, तेव्हा पाश्चर स्वतः डॉक्टर नसल्याने सुई ग्रांशेंनी टोचली होती. याच ग्रांशेंनी पुढे आपल्या वॉर्डात संसर्गजन्य मुलांच्या खाटांभोवती तारेच्या जाळ्या उभ्या केल्या. जाळीतून हवा आरपार जाते, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. जाळी जंतूंसाठी नव्हतीच, ती कर्मचाऱ्यांसाठी होती. या हद्दीत शिरताना झगा घाल, निघताना हात धू, याची ती आठवण होती. बरेचसे आजार हवेतून उडत जात नाहीत, ते डॉक्टर-नर्सच्या हातांवरून, भांड्यांवरून, थर्मामीटरवरून जातात, हे त्यांनी ओळखलं होतं. गोवराने मात्र त्यांच्या जाळीला जुमानलं नाही, तो हवेतूनच पसरतो. पुढे १९०० मध्ये पॅरिसला पाश्चर रुग्णालय बांधलं गेलं. ते पाहून आलेल्या डॉ. चेपिन यांच्या आग्रहातून १९१० मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सचं रुग्णालय उभं राहिलं. एकाच छताखाली वेगवेगळे आजार ठेवायचे आणि मधली भिंत हात धुण्याच्या शिस्तीने उभारायची, ही पद्धत तिथे रुजली. आज आम्ही जिला बॅरियर नर्सिंग म्हणतो, ती हीच.

आता या शोधाचा सरळ अर्थ पाहा. आजार हातावरून जातो, तर सर्वांत धोक्याचा हात कुणाचा? जो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो त्याचा, म्हणजे माझा. आईचा हात एकाच खाटेवर असतो. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांनी बाहेर काढलं ते आईला, आणि खाटांमधून फिरत राहिलो आम्ही.

लंडनच्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा १९४९ मध्ये कुणीतरी जमवल्या होत्या. त्या वाचताना मी पुन्हा मागे जाऊन तपासलं, आपली समजूत तर चुकत नाही ना. एका ठिकाणी रविवारी दोन तास. दुसऱ्या ठिकाणी बुधवारी दीड तास. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेट नाही, मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात मूल झोपलेलं असताना पाहता येईल. ब्रिटनच्या फीव्हर हॉस्पिटलांत, म्हणजे संसर्गजन्य आजारांच्या रुग्णालयांत, तर आई-बाप खिडकीच्या काचेतून पाहायचे. आपलं मूल कसं आहे हे कळायला गावच्या वर्तमानपत्रात नंबर शोधायचा, कारण मुलांच्या प्रकृतीची यादी नंबरवार छापून यायची. आमच्याकडे 'सात नंबर' होती, तशी.

आईला बाहेर ठेवणारी ही भिंत पहिल्यांदा कुणी पाडली, असं एकाचं नाव घेता येत नाही. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासूनच बाळांच्या रुग्णालयात आयांना सोबत राहू दिलं होतं. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. हॅरी बॅकविन १९३१ मध्ये मुलांच्या विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा वॉर्डाच्या दारावर आत येण्याआधी दोनदा हात धुण्याची पाटी होती. बाळांना कोंडण्यासाठी त्या काळी बाह्या बसवलेल्या पेट्यासुद्धा बनल्या होत्या, माणसाचा स्पर्श जवळजवळ होऊच नये अशा. बॅकविननी ती पाटी उतरवली. बाळ उचलून घेणार नसाल तर या वॉर्डात येऊ नका, अशा अर्थाची दुसरी पाटी तिथे लागली. आणि बाळांना आधीपेक्षा जास्त हात लागत असतानाही संसर्ग कमी झाले. संसर्ग नियंत्रणाच्या माझ्या प्रशिक्षणात हात धुण्याचे सहा टप्पे शिकवले, बॅकविनची पाटी कुणी शिकवली नाही. ती शिकवायला हवी, हात धुण्याच्या बरोबरीने.

पण माझ्या त्या 'शांत' शब्दाचं उत्तर मला मिळालं ते जेम्स रॉबर्टसन यांच्याकडे. हा स्कॉटिश माणूस युद्धकाळात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात बॉयलर सांभाळायचा. पुढे त्याने मुलांच्या वॉर्डात तासन्‌तास बसून नुसतं पाहिलं, आणि डॉक्टरांचा विश्वास बसेना म्हणून १९५२ मध्ये हातातल्या साध्या कॅमेऱ्याने चित्रपट काढला. दोन वर्षं पाच महिन्यांची लॉरा, हर्नियाचं किरकोळ ऑपरेशन, आठ दिवसांचा मुक्काम. सोयीचे क्षण निवडले असा आरोप होऊ नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवलं होतं. लॉरा फारशी रडत नाही. ती स्वतःला आवरते, चेहरा सावरते, आणि दिवसांमागून दिवस तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझत जातं. रॉबर्टसनचं म्हणणं असं, की आईपासून तुटलेलं मूल आधी आकांत करतं, मग हताश होतं, आणि शेवटी आईपासूनच मन काढून घेतं. मधली पायरी बाहेरून शांत दिसते. नर्सेस तिला 'रुळलं' म्हणतात. नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांसमोर तो चित्रपट दाखवला तेव्हा बरेचजण संतापले. मला त्यांचा संताप समजतो. इतकी वर्षं ज्याला आपण यश म्हणत आलो, ते मुलाचं हार मानणं होतं, हे पडद्यावर पाहायचं म्हणजे सोपं नाही. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, ब्रिटनमध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने आईबापांच्या भेटीवरची बंधनं काढावीत आणि लहानग्यांबरोबर आईला राहू द्यावं अशी शिफारस केली.

आपल्याकडे ही कथा निराळ्या वाटेने गेली. आपल्या वॉर्डात आई खाटेखाली चटई टाकून झोपते, उशाशी थर्मास, पायथ्याशी डबा. हे आपण कुठल्या समितीकडून शिकलो नाही. पण साथ आली की आपलंही दार बंद होतं, आणि त्याची सर्वांत कडू आठवण मुंबई-पुण्याचीच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगश यांनी प्लेग ओळखला. रुग्णांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले आणि शहरात अफवा उठली, की तिथे माणसांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात. २९ ऑक्टोबरला हजाराच्या आसपास गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. त्या लोकांना अडाणी म्हणून निकाली काढणारं लिखाण मी वाचलं आहे आणि ते मला पटत नाही. ज्या दाराआड आपलं माणूस गेलं की पुन्हा दिसत नाही, त्या दारामागे काय चालतं याची कल्पना प्रत्येकजण आपल्या भीतीतूनच करतो. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जनरल गॅटॅकर यांच्या प्लेग समितीने जातीजमातींना स्वतःची रुग्णालयं काढायला उत्तेजन दिलं. शुश्रूषेला आपली माणसं असलेल्या त्या रुग्णालयांत लोक पाय ठेवायला तयार झाले.

त्याच मार्चमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन आणला. तो वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. संसर्ग नियंत्रणाची नर्स म्हणून मला ठाऊक आहे, की त्यांच्याकडे स्वतःला वाचवायचं कुठलंही साधन नव्हतं आणि कुणालाही तसं करायला मी सांगणार नाही. पण त्या पोराला तिथवर कुणीतरी न्यायला हवं होतं, आणि त्यांनी नेलं.

माझ्या धंद्यातला सर्वांत मोठा धडा मात्र इथूनच, माझ्या वॉर्डापासून काही स्टेशनांवरच्या शीव रुग्णालयातून आलेला आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नवजात बाळांच्या विभागात डॉ. अर्मिडा फर्नांडिस काम पाहू लागल्या, तेव्हा बाळं संसर्गाने दगावत होती. त्यांनी बाटल्या आणि डब्याचं दूध बंद केलं आणि आयांना आत घेतलं. बाळाची निगा आईने राखायची, दूध आईचं द्यायचं. जिला दूध नाही तिच्या बाळासाठी १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीसच कोलंबियात बोगोटाला, एका इन्क्युबेटरमध्ये दोन-तीन बाळं ठेवावी लागतात आणि संसर्ग आवरत नाही म्हणून, डॉ. रे यांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली होती. दोन्हीकडे आई आत आली ती मायेची सोय म्हणून नाही. तिच्यामुळे जंतूंची वाट तुटत होती.

हे सगळं घडून गेलं होतं. तरी २०२० मध्ये मी ते चौथं कलम लिहिलं.

त्या संध्याकाळी मी किट घालून आत गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे उघडे. दुधाची वाटी भरलेली होती. मी कपाळावरच्या पट्टीवर पेनने डोळे-नाक काढलं होतं, तिने पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्य डॉक्टरांकडे गेले. वरचे लोक तयार नव्हते, आईला लागण झाली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. मी म्हटलं, आईला विचारू. आईने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आम्ही भिंतीवर लावली, की कोविड झालेल्या आईनेसुद्धा मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं. पण त्या दिवशी चौथं कलम खोडलं गेलं ते एका बाईच्या सहीने.

मी तिला दारापाशी हात धुवायला शिकवलं. कोपरापर्यंत साबण, नखांखाली, अंगठ्याभोवती. आमच्या नियमाप्रमाणे कोपराखाली काही नको म्हणून तिने बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवल्या. मास्क, झगा, टोपी. ती आत गेली, खाटेवर बसली. मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. आईने माझ्याकडे पाहिलं. मला रॉबर्टसनची तिसरी पायरी तेव्हा माहीत नव्हती, नाहीतर मी तिला सांगितलं असतं.

ती तशीच बसून राहिली, हात मुलीच्या पाठीवर ठेवून. बऱ्याच वेळाने मुलीचा हात चाचपडत तिच्या मनगटावर आला, वर गेला, खाली आला. ती बांगड्या शोधत होती.

कोपराखाली काही नको हा नियम दहा खाटांवर फिरणाऱ्या हातांसाठी आहे. मी बाहेर गेले, पर्समधून दोन हिरव्या काचेच्या बांगड्या मागून घेतल्या, बेसिनवर साबणाने धुतल्या, निर्जंतुक गॉझने पुसल्या आणि आत नेऊन दिल्या.