एका तसबिरीचें स्थलांतर

आमच्या वडिलोपार्जित घराच्या ओसरीवर एका तरुण पुरुषाची तसबीर शंभराहून अधिक वर्षें टांगलेली होती. अंगांत काळा कोट, हातीं जपमाळ. मुलें त्यास नुसतें 'आजोबा' म्हणत. मुंबई महाधर्मप्रांताचें वारसा-संग्रहालय गोरेगांव येथें २०११ सालीं उघडलें आहे. तेथें ती द्यावी असें ठरलें, तेव्हां हा पुरुष नक्की कोण, हा प्रश्न निघाला. नांवावांचून तसबीर देण्यांत इतिहासाची सेवा ती काय?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लहान फोटो मोठा करून त्यावर हातानें रंग चढविण्याचा प्रघात पडला होता. त्यामुळें मनुष्य वारल्यावरहि त्याची तसबीर करवितां येई. आमचा उलगडा येथेंच झाला. थोरल्या आत्या म्हणाल्या, हे आजोबा नव्हेत. हे त्यांचे वडील बंधु. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग उद्भवला व पुढें साष्टींतील गांवांतहि शिरला. त्यांत हे गेले, आणि धाकट्या भावानें पैसा जमवून ही तसबीर करविली.

आत्यांचें वय पाहतां आम्हीं फादरांस विनंती करून देवळांतील मरणाची नोंदवही पाहिली. १८९७ च्या पानावर तें नांव, बापाचें नांव व वय, सर्व जुळलें. वरखालीं त्याच आठवड्यांतील नोंदी इतक्या दाट कीं पान उलटवेना. गांवठाणांतील जे क्रूस आपण मे महिन्यांत फुलांनीं सजवितों, त्यांतले कित्येक ह्याच सांथीच्या काळचे आहेत. क्रूसावर साल सांपडतें. माणसाचा चेहरा सांपडत नाहीं.

राजवाड्यांनीं घरोघरचीं दप्तरें धुंडाळून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापलीं; फादर हेरास ह्यांनीं १९२६ सालीं सेंट झेवियर कॉलेजांत संशोधनसंस्था काढून ख्रिस्ती कलेच्या वस्तूहि जमविल्या. आपल्या ओसरीवरच्या भिंतींकडे मात्र आपलेंच लक्ष उशिरां गेलें. आमची भिंत पश्चिमेची; दर पावसाळ्यांत ती सर्द होई, तसबिरीच्या पाठीस बुरशी धरे. कोणीं एकदां ओल्या फडक्यानें पुसतांना कानाजवळचा रंगच निघाला. (तो कोणी म्हणजे मीच.)

तरीहि काकूंचा विरोध होता. त्या म्हणाल्या, "त्याचें ना लग्न, ना मूलबाळ. घरांतून काढल्यावर त्याची आठवण कोण करील?" ह्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. सर्दी व बुरशी हीं कारणें खरीं, पण तीं काकूंच्या प्रश्नाचीं उत्तरें नव्हत.

अखेर तसबिरीचें छायाचित्र काढून जुन्याच खिळ्यास लाविलें. चौकटीमागें नांव, नातें, मृत्यूचें साल व 'आत्यांच्या सांगण्यावरून, नोंदवहीशीं ताडून' असा मजकूर चिकटविला. दानपत्रांत काकूंनीं एक विनंती लिहविली: दर वर्षीं २ नोव्हेंबरास, मृतांच्या स्मरणदिनीं, घरच्यांस तसबिरीसमोर उभें राहून प्रार्थना करूं द्यावी. मगच त्यांनीं सही केली.