सपाट चुंबकीय स्पीकर : पेटीविना आवाज आणि घरातली जागा

संगीत ऐकण्यासाठी घरातली एखादी खोली राखून ठेवण्याची चैन शहरात फार थोड्यांना परवडते. ज्यांना परवडते त्यांच्यापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच : नेहमीचे लाकडी पेटीतले स्पीकर घ्यावेत, की दाराच्या फळीसारखे दिसणारे, पेटीच नसलेले ‘प्लेनर मॅग्नेटिक’ स्पीकर? या दुसऱ्या प्रकाराविषयी रसिकांमध्ये जितके कौतुक आहे, तितकेच गैरसमजही आहेत. शिवाय ही खरेदी केवळ पैशाची बाब नव्हे. हे स्पीकर जागा मागतात आणि शहरातल्या घरात ती जागा बहुधा कुटुंबातील इतर माणसांच्या वाट्याची असते. म्हणूनच निर्णय घेण्यापूर्वी त्यांची रचना आणि स्वभाव समजून घेणे इष्ट ठरते.

नेहमीच्या स्पीकरची आजची रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेल्या आराखड्यावर आधारलेली आहे. शंकूच्या आकाराच्या पडद्याला मागे तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे सरकते. जोर लागतो तो शंकूच्या बुडाशी. तिथून तो कडेपर्यंत पोहोचेतो शंकू स्वतःच थोडासा वाकतो, थरथरतो. पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज पुढच्या आवाजाला मारक ठरू नये, म्हणून त्याला पेटीत कोंडावे लागते. मग पेटीच्या फळ्याही आपला सूर मिसळतात. उत्तम पेटी बनवण्याची सारी विद्या या अनाहूत सुराला गप्प बसवण्याची विद्या आहे.

सपाट चुंबकीय स्पीकरमध्ये हा सारा खटाटोपच नाही. एका चौकटीवर पॉलिएस्टरची अतिशय पातळ फिल्म ताणून बसवलेली असते. तिच्यावर ॲल्युमिनियमची तार किंवा पट्टी नागमोडी वळणाने वरपासून खालपर्यंत चिकटवलेली असते आणि जवळच चुंबकाच्या उभ्या पट्ट्यांची रांग असते. ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युतप्रवाह तारेतून वाहू लागला, की चुंबकीय क्षेत्रामुळे तारेवर बल निर्माण होते आणि फिल्म हलते. बल एका बिंदूवर नव्हे, तर जवळजवळ सबंध पृष्ठभागावर एकाच वेळी लागते. फिल्मचे वजन नगण्य असल्यामुळे ती चटकन हलते आणि चटकन थांबते. क्षेत्रफळ मोठे असल्याने तिला फार दूरवर मागेपुढे जावेही लागत नाही.

इथे नावांचा थोडा घोळ होतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, उदाहरणार्थ पीटर वॉकर यांचा १९५७ सालचा प्रसिद्ध क्वाड, दिसायला असाच सपाट असतो. पण त्याची फिल्म चुंबकाने नव्हे, तर हजारो व्होल्टच्या विद्युतभाराने हलते. त्यामुळे त्याला भिंतीतल्या विजेच्या प्लगची गरज पडते. चुंबकीय प्रकाराला ती पडत नाही. ‘रिबन’ म्हणजे फिल्मचा आधारच नसलेली, दोन चुंबकांमध्ये लोंबणारी ॲल्युमिनियमची नुसती पट्टी. फिल्मवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, की त्याला ‘क्वासी-रिबन’ म्हणतात. विक्रेते हे शब्द सैलपणे वापरतात, तेव्हा नेमके काय आहे ते विचारून घ्यावे.

या प्रकाराला घराघरांत नेण्याचे श्रेय जिम विनी यांचे. ते अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत अभियंता होते. फ्रिजच्या दाराला लागते तसल्या लवचीक चुंबकपट्ट्यांचा उपयोग करून मोठा सपाट स्पीकर बनवता येईल, हे त्यांनी ओळखले आणि १९६९ साली मिनेसोटा राज्यातील व्हाइट बेअर लेक येथे मॅग्नेपॅन ही कंपनी सुरू केली. या कंपनीच्या साडेसहा फुटांहून उंच पडद्यांपासून थेट ‘एलआरएस’ या छोट्या भावंडापर्यंत अनेक आवृत्त्या निघाल्या. एलआरएस २०१९ साली ६५० डॉलरला जोडी या किमतीत आला तेव्हा बरीच खळबळ उडाली होती. उंची ४ फूट, रुंदी साडेचौदा इंच, जाडी जेमतेम १ इंच. फ्लोरिडातील एमिनंट टेक्नॉलॉजी या कंपनीने फिल्मच्या दोन्ही बाजूंना चुंबक ठेवण्याचा मार्ग धरला. एकाच बाजूला चुंबक असले, तर फिल्म दूर जाताना बल कमी होते आणि जवळ येताना वाढते. दोन्ही बाजूंना असले, तर हा दोष बराच निघून जातो. मात्र समोर चुंबक आले, की आवाजाच्या वाटेत अडथळाही येतो. दोन्ही मार्गांना आपापले चाहते आहेत.

मागची भिंत

या स्पीकरचे सारे गुण आणि साऱ्या अडचणी एकाच गोष्टीतून निघतात : तो जितका पुढे बोलतो, तितकाच मागेही बोलतो. आणि मागचा आवाज पुढच्याच्या उलट कलेत असतो. फिल्म पुढे सरकली, की पुढे हवेचा दाब वाढतो आणि मागे तेवढाच कमी होतो. दोन्ही बाजूंच्या कडेला हे दोन आवाज एकमेकांना पुसून टाकतात, म्हणून बाजूच्या भिंतींवर फार कमी आवाज पडतो. सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशा असलेल्या आपल्याकडच्या घुमणाऱ्या खोल्यांत हा मोठाच फायदा आहे.

मागे गेलेला आवाज मात्र भिंतीवर आपटून परत येतो. स्पीकर भिंतीपासून १ मीटरवर असेल तर तो जाऊन-येऊन २ मीटर जास्त चालतो, म्हणजे सुमारे ६ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्या उशिरामुळे कानाला तो मूळ आवाजापासून थोडा वेगळा, खोलीची खोली वाढवणारा वाटतो. गायक स्पीकरच्या मागे कुठेतरी बसला आहे असा जो भास होतो, त्यात याचा वाटा मोठा आहे. स्पीकर भिंतीला टेकवला तर तो भास जातोच, शिवाय खर्जही जातो. हिशेब सोपा आहे. भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवल्यास ढोबळमानाने ९५ हर्ट्झच्या खाली भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजाला खाऊ लागतो. १ मीटरवर ठेवल्यास हीच मर्यादा २९ हर्ट्झच्या आसपास उतरते. स्पीकरच्या स्वतःच्या मर्यादा याखेरीज असतातच, पण निदान भिंतीचे ऋण तरी फिटते.

हे आकडे ख्यालगायनाच्या श्रोत्याला का महत्त्वाचे, ते तानपुऱ्यावरून कळेल. पुरुष गायकाने काळी एक धरली, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा ६९ हर्ट्झचा. एलआरएसची अधिकृत मर्यादा ५० हर्ट्झ आहे, म्हणजे कागदोपत्री खर्ज तिच्यात बसतो. पण तोच स्पीकर भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवला, तर बसत नाही. तानपुऱ्याचे वैभव अर्थात नुसत्या मूळ सुरात नाही. जवारीमुळे उमटणाऱ्या स्वरांशांच्या गर्दीत ते आहे. आपल्या तंतुवाद्यांच्या घोडीमुळे हे कसे घडते, याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच लक्ष वेधले होते. हे बारीक स्वरांश एकमेकांत न कालवता मांडण्यात सपाट स्पीकर फार तरबेज आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तानपुरा, सारंगी, सतार आणि मानवी गळा यांच्यासाठी या पैशात याहून सरस साधन मिळणे कठीण. तबल्याची चाटही सुरेख येते. डग्ग्याचा घुमारा मात्र छातीवर आदळत नाही, आणि ढोलताशे किंवा पाश्चात्त्य रॉक ऐकणाऱ्याची इथे निराशा होईल. लहान मॉडेलांना वेगळा सबवूफर जोडण्याचा उपाय सुचवला जातो. तो साधतो, पण पेटीतल्या सबवूफरचा आवाज सर्व दिशांना पसरतो आणि पडद्याचा पसरत नाही. दोघांचा सांधा जुळवायला महिना-महिना लागतो.

किती जागा लागेल? १२ बाय १५ फुटांच्या दिवाणखान्यात, १५ फुटांच्या बाजूने मांडणी केली, तर स्पीकरमागे १ मीटर, स्पीकर ते श्रोता अडीच मीटर आणि श्रोत्यामागे साधारण १ मीटर असा हिशेब नेमका बसतो. १० बाय १२ च्या खोलीत तो ओढूनताणून बसवावा लागतो, आणि मग खोलीत ये-जा करायला वाट उरत नाही. ऐकून झाल्यावर स्पीकर उचलून भिंतीला लावून ठेवणे हा काही घरांनी काढलेला व्यवहार्य तोडगा आहे. लहान मॉडेले हलकी असल्याने तो जमतो. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या म्हणजे झाले. दोन्ही स्पीकर किंचित आत वळवावेत. तीव्र स्वरांची पट्टी कानापासून खालच्या स्वरांच्या भागाइतक्याच किंवा किंचित अधिक अंतरावर असावी. एक खुर्ची सर्वोत्तम ठरते, तिच्या शेजारची बरी, बाकीच्या दुय्यम. उभे राहिले की लहान मॉडेलांचे तीव्र स्वर मंदावतात. चारचौघांत बसून ऐकण्याची सवय असलेल्या कुटुंबाने हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

ॲम्प्लिफायर आणि हवामान

बहुतेक सपाट चुंबकीय स्पीकरांचा विद्युत अवरोध ४ ओहमच्या आसपास असतो आणि तो फारसा वरखाली होत नाही. ही ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने सोयीची बाब. भूक मात्र दांडगी. २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल हा मॅग्नेपॅनचा नेहमीचा आकडा वाचून फसू नये. ४ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट. म्हणजे १ वॉटला ८३ डेसिबलच. ख्यालाची मैफल ९५ डेसिबलच्या शिखरांनी ऐकायची तर १६ वॉट पुरतात, पण वाद्यवृंदाच्या १०५ डेसिबलच्या शिखरांना १५८ वॉट लागतात. ८ ओहममध्ये १०० वॉट देणारा आणि ४ ओहममध्ये त्याच्या दुपटीच्या जवळपास जाणारा भक्कम ॲम्प्लिफायर हवा. ८-१० वॉटचे गोड व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर इथे उपयोगाचे नाहीत. स्पीकरच्या किमतीइतकीच किंवा तिच्याहून अधिक रक्कम ॲम्प्लिफायरवर खर्च होते, हे अंदाजपत्रक मांडतानाच धरून चालावे. आयात शुल्क आणि मोठ्या खोक्याचे भाडे हे त्यावर आणखी.

समुद्रकाठच्या शहरांत आणखी एक विचार करावा लागतो. ॲल्युमिनियम आणि खारी, दमट हवा यांचे सख्य नाही. फिल्मवर तार चिकटवणारा गोंद हा जुन्या स्पीकरांचा दुखरा भाग. काळ, ऊन आणि दमटपणा यांनी तो सुटू लागतो आणि सुटलेली तार विशिष्ट सुरांना खरखरू लागते. म्हणून खिडकीतून येणारे थेट ऊन पडद्यावर पडू देऊ नये आणि पावसाळ्यात खोली शक्य तितकी कोरडी ठेवावी. चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतात, तेव्हा घरात ग्रिलचे किंवा ड्रिलचे काम निघाले तर स्पीकर आधी दुसऱ्या खोलीत हलवावेत. ही काळजी घेतली तर असे स्पीकर पंचवीस-तीस वर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत, आणि नव्याने तार चिकटवून घेणेही शक्य असते. ते करणारा माणूस आपल्या शहरात सापडतो का, याची चौकशी खरेदीआधी करावी.

जुनी जोडी घेणाऱ्याने कापडामागे विजेरीचा प्रकाश टाकून तारा पाहाव्यात. मल्टिमीटर लावून दोन्ही स्पीकरांचा रोध जवळजवळ सारखा येतो का ते तपासावे. काही मॉडेलांत तीव्र स्वरांच्या पट्टीसाठी वेगळा फ्यूज असतो. विक्रेत्याने तिथे भलताच जाड फ्यूज लावलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. नंतर एकट्या तानपुऱ्याचे आणि एकट्या पियानोचे ध्वनिमुद्रण प्रत्येक स्पीकरवर वेगवेगळे, मध्यम आवाजात, निदान दहा मिनिटे ऐकावे. सुटलेली तार गर्दीच्या संगीतात लपते, लांबलेल्या एकट्या सुरात लपत नाही.

ज्यांच्याकडे भिंतीपासून मीटरभर जागा सोडण्याची सोयच नाही, त्यांनी हेच तत्त्व हेडफोनमध्ये अनुभवावे. यामाहाने १९७६ साली असा हेडफोन बाजारात आणला होता. अलीकडच्या काळात हायफायमॅन आणि ऑडेझी या कंपन्यांनी हा प्रकार पुन्हा लोकप्रिय केला. त्यातली ऑडेझी २०२३ साली सोनी समूहाने विकत घेतली. कानाशी टेकलेल्या या छोट्या पडद्याला मागच्या भिंतीची अडचण नाही, मोठा ॲम्प्लिफायर नको आणि शेजाऱ्यांची तक्रारही नाही. गायक समोर बसल्याचा भास मात्र त्यात होत नाही. तो डोक्याच्या आतच गातो.