इझुमी, अराता
इझुमी, अराता : (३१ जुलै १९८२– ). भारतीय-जपानी वंशाचा भारतीय फुटबॉलपटू. जन्म शिमोनोसेकी (जपान) येथे, भारतीय पिता व जपानी माता यांच्या पोटी. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघातून २००६ मध्ये भारतीय मैदानावर उतरलेला हा चपळ आक्रमक खेळाडू पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये व २००९ पासून पुणे फुटबॉल क्लबमध्ये आला. आणि तेथील बालेवाडी मैदानाच्या प्रेक्षकांत त्याने जे स्थान मिळविले, त्याचे माप केवळ गोलसंख्येच्या दप्तरात शोधणे व्यर्थ होय. भारतीय संविधान दुहेरी नागरिकत्वास मुभा देत नसल्यामुळे जपानी नागरिकत्वाचा त्याग करून त्याने भारतीयत्व पत्करले व २०१३ मध्ये राष्ट्रीय संघातर्फे पदार्पण केले. त्याच्या लोकप्रियतेच्या श्रेणीचा विचार करताना हा त्याग प्रस्तुत लेखकास सर्वांत वजनदार वाटतो. कारण परदेशी खेळाडू करार संपताच निघून जातो, हा आपल्या क्रीडारसिकांचा नित्याचा अनुभव. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे संघास उपविजेतेपद लाभले, तेव्हा तो त्याच संघात होता.

बेळगाव-निपाणीचा मुलूख एकीकडे कोल्हापूरच्या पेठांचे, तर दुसरीकडे गोव्याचे फुटबॉलवेड यांच्या मधोमध वसलेला. अशा मुलखातील होतकरू मुलांनी इझुमीचा खेळ आवर्जून अभ्यासावा. चेंडूवाचूनची त्याची अखंड धाव विशेष अनुकरणीय आहे. निवृत्तीनंतर त्याने रिलायन्स फाउंडेशनच्या युवा अकादमीत प्रशिक्षकपद स्वीकारले.