संगणकीय ‘कन्सोल’ची वाटचाल : यंत्राच्या संदेशाचा वाचक कोण?

प्रस्तावना :

वाशिम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आज प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्ती यांचे अर्ज बहुतांशी संगणकावरूनच भरले जातात. अर्ज मध्येच अडकला, की दोष विद्यार्थ्याच्या नोंदीत आहे, इंटरनेट जोडणीत आहे की दूरच्या सर्व्हरवर, हे समजत नाही. मुदत मात्र उलटून जाते. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्याच संगणकावर, ब्राउझरच्या ‘डेव्हलपर कन्सोल’मध्ये, लिहिलेले असते. ते वाचले का जात नाही, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

कन्सोल ही संज्ञा ब्राउझरपेक्षा जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफरॅक संगणकाच्या काळात यंत्र, ते चालविणारा आणि दुरुस्त करणारा एकाच छताखाली असत. यंत्राचा इशारा जबाबदार व्यक्तीच्याच डोळ्यांसमोर येई. वेबने ही रचना मोडली. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि आज्ञावली लिहिणारा एका देशात, ती चालविणारा संगणक दुसऱ्या देशात, अशी स्थिती निर्माण झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. इंटरनेट एक्स्प्लोररच्या खालच्या कोपऱ्यातील पिवळा त्रिकोण अनेक प्राध्यापकांना आठवत असेल. ज्याला तो दिसे त्याला अर्थ लागत नसे, आणि ज्याला अर्थ लागला असता त्याच्यापर्यंत तो पोहोचत नसे.

२००६ साली जो ह्यूइट यांचे ‘फायरबग’ हे फायरफॉक्ससाठीचे पूरक साधन आले. चुकांचे संदेश, पानाची रचना आणि सर्व्हरशी होणारी देवाणघेवाण एका ठिकाणी पाहता येऊ लागली. २००८ साली आलेल्या क्रोममध्ये अशी साधने अंगभूतच होती. फायरबग २०१७ मध्ये थांबले, तोवर त्याची कल्पना सर्वत्र रुजली होती. प्रोग्रामरची सोय झाली. संदेश मात्र एफ-१२ या कळीमागे गेला. पिवळा त्रिकोण निदान दिसत तरी होता!

संदेशांचे वाचन :

कन्सोलमधील संदेश चूक, इशारा, माहिती अशा वर्गांत येतात व गाळून पाहता येतात. प्रत्येक लाल ओळ गंभीर नसते. जाहिराती व ब्राउझरची पूरक साधनेही तेथे गलका करतात. अर्ज पाठविताना उमटलेला क्रमांक महत्त्वाचा. ५००च्या मालिकेतील क्रमांक सर्व्हरकडील बिघाड दर्शवितो. ४००च्या मालिकेत पाठविलेली मागणीच नाकारलेली असते, कधी केवळ लॉगिनची मुदत संपल्यामुळे. क्रमांकच नसेल तर प्रथम जोडणी तपासावी. पान पुन्हा उघडताच जुने संदेश सामान्यतः पुसले जातात, म्हणून नोंदी जपून ठेवण्याचा पर्याय आधीच निवडावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकास हे नवे नाही : साधन नष्ट होण्यापूर्वी त्याची नक्कल घ्यावी लागते.

येथे एक धोकाही आहे. अनोळखी व्यक्तीने दिलेली ओळ कन्सोलमध्ये चिकटविल्यास खाते परक्याच्या हाती जाऊ शकते. म्हणूनच फेसबुकने आपल्या पानाच्या कन्सोलमध्ये ठळक अक्षरांत ‘थांबा’ असा इशारा दिला. वाचणे वेगळे, लिहिणे वेगळे. मुदतवाढीच्या अर्जासोबत ‘साइट चालत नव्हती’ या तोंडी तक्रारीऐवजी दिनांक, वेळ व क्रमांक दिसणारे पडद्याचे छायाचित्र जोडले, तर दोष कोणाचा हे विद्यार्थ्यालाच सिद्ध करीत बसावे लागत नाही.