खेळ मुलाचा, शिक्षण मोठ्यांचे

मुलाचे मन दुखले की ते तोंडाने फारसे बोलत नाही. बाहुलीला बदडते, मातीचे घर बांधते आणि लाथेने मोडते. हा खेळच त्याची भाषा आहे हे ओळखून मेलनी क्लाइन यांनी १९२० नंतर बर्लिनला व पुढे लंडनला बालकांवर उपचार केले. मात्र खेळाचा अर्थ लावण्याचे काम त्यांनी मोठ्यांकडेच ठेवले. अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली आपल्या ग्रंथात निराळी वाट घालून दिली: मूल पुढे, उपचारक मागे. त्याला घाई करावयाची नाही, काय खेळावे हे सुचवावयाचे नाही, शाबासकीदेखील आवरावयाची. मर्यादा घालावयाच्या त्या मोजक्याच. ऐकावयास हे सोपे वाटते. अर्धा तास करून पाहावे!

आपल्याकडे हा धडा दवाखान्याआधी बालमंदिराने गिरवला, असे आम्हांस वाटते. मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले ते १९३७ साली. त्यापूर्वी, १९२० सालीच, गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. तेथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात कोठून येणार? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत ना, म्हणून शिक्षिकाच वस्तीच्या अंगणात गेल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षिकांना तेथे शिकावे लागले ते मुख्यतः हेच, की मुलाच्या हातातली वस्तू आपल्या हाती घेऊ नये.

बालवाडी म्हणजे उपचारकेंद्र नव्हे, हा भेद मात्र पुसून चालणार नाही. भेदरलेल्या मुलाला शिकून तयार झालेला समुपदेशकच हवा.

२०१९ च्या ऑगस्टात आपल्या शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर एखादे मूल घमेल्यात बाहुली बुडवू लागले, तर घरचे म्हणतात, "असले अभद्र खेळू नकोस." त्यांचे तरी काय चुकले? भीती त्यांच्याही मनात आहे. तयार समुपदेशक तेथे जवळ बसतो, खेळ थांबवीत नाही, बाहुलीला वाचवावयासही धावत नाही. असे बसणे पुस्तकाने येत नाही. जाणत्याच्या नजरेखाली मुलांबरोबर पुष्कळ तास काढावे लागतात. बाहुलीला वर केव्हा काढावयाचे, ते मूल ठरविते.