पडदा कोणाचा?

टर्मिनलवर चित्रमय प्रोग्रॅमचे नाव टाईप केले, पण खिडकीऐवजी 'डिस्प्ले उघडता येत नाही' अशी ओळ आली. लिनक्स वापरताना आपण इथे हमखास बुचकळ्यात पडतो. पडदा तर समोरच आहे!

या तक्रारीचे मूळ १९८४ मध्ये आहे. एमआयटीत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी 'एक्स' ही खिडक्यांची प्रणाली रचली. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा, चित्र दुसऱ्यावर उमटावे, ही त्यातली मुख्य सोय. गंमत म्हणजे इथला 'सर्व्हर' आपल्याच टेबलावर असतो. पडदा, कळफलक, माऊस तोच सांभाळतो. त्याचा पत्ता प्रोग्रॅमला 'डिस्प्ले' नावाच्या चलातून कळतो. म्हणून आपण आधी तो पत्ता तपासावा. पत्ता बरोबर असूनही नकार आला, तर बहुधा परवानगी नसते; दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवताना असे घडते.