तळटीप : बोद्रुमची गुलेत-सफर
गुलेत : तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बांधले जाणारे दोन डोलकाठ्यांचे लाकडी गलबत. मागची बाजू गोलसर, डेक ऐसपैस.

याच किनाऱ्यावरच्या बोद्रुमहून सकाळी निघाले की प्राचीन मॉसोलियमचे दगड वापरून उभारलेला सेंट पीटर किल्ला मागे पडतो. मग काराआदा बेटापाशी नांगर, गुहेतल्या ऊन पाण्यात डुबकी, डेकवरच जेवण. शिडे बहुधा शोभेची. अंतर कापते ते डिझेल इंजिन. दुपारी वायव्येचा मेल्तेम वारा सुटल्यावर एखाद्या हौशी कप्तानाने शिडे उभारलीच, तर तिकिटाचे पैसे वसूल.

या सफरींचे मूळ मात्र एका शिक्षेत आहे. लष्करातून पळालेल्या सैनिकांवर लेख लिहिल्याबद्दल जेवात शाकिर कबाआचली या लेखकाची १९२५ मध्ये बोद्रुमला हद्दपारी झाली. गाव इतके मानवले की शिक्षा संपल्यावर त्याने तिथेच बिऱ्हाड केले. ‘हालिकार्नासचा कोळी’ (हालिकार्नास म्हणजे प्राचीन बोद्रुम) या नावाने तो लिहू लागला आणि पुढे लेखक-मित्रांना स्पंज काढणाऱ्यांच्या होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडवू लागला. शिधा बेताचाच : चीज, कडक बिस्किटे, तंबाखू आणि (हे विसरून चालणार नाही) राकी. त्या मंडळींतल्या आझ्रा एर्हातने १९६२ मध्ये या भटकंतीवर ‘माव्ही योल्जुलुक’ हे पुस्तक लिहिले. — संपा.